पीलखान्याचा उपाय

पानावरून उठून पळणारा पुरुष कामाक्षीबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि आता रोज पाहावा लागत होता. तोही पोटचा.

"बघ, बघ, गेला," त्या सुनेला म्हणाल्या. "वाढलेला भात टाकून गेला. काय होतं ग त्या पानांत? साप होता?"

"वाफ होती, आत्याबाई," गोदा म्हणाली.

"बिनवाफेचा भात तुझ्या माहेरी वाढत असतील. आमच्याकडे ताजा वाढतात."

गोदाने पान उचललं, पाण्यात भिजवलेला कालचा भात वाडग्यात काढला, त्यावर मिठाचा खडा आणि ताक घातलं, आणि परसात गेली. विहिरीच्या कठड्याआड सेतू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. थंड भात तो मुकाट्याने जेवायचा. फक्त वाफ निघता कामा नये.

"नवऱ्याला भिकाऱ्यासारखा परसांत वाढते," कामाक्षीबाई सुंदरीला ऐकवून म्हणाल्या. सुंदरी त्यांची धाकटी लेक, सेतूच्या पाठची, लग्नाची. "आणि तो खातो! बापावर गेला, दुसरं काय. देवाच्या रथाचा दोर तुटला तेव्हां सगळ्यांत पुढं पळणारा कोण? तुझा बाप. देवळांत चंदन उगाळायचा जन्मभर, सहाणेहून कठीण वस्तूला हात लावला नाहीं."

बाप मरून बरीच वर्षं झाली होती, पण कामाक्षीबाईंच्या तोंडून त्याची सुटका झाली नव्हती.

सेतू कुंभकोणाबाहेर, तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावरल्या भाताच्या गिरणीत बॉयलरवर होता. तूस घालून आग पेटती ठेवायची, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, भात उकडायच्या टाक्यांना वाफ सोडायची. जोडीला त्यागराज नावाचा एक होता. पोंगल झाल्यावर, कामाच्या ऐन धामधुमीत, वाफेचा मोठा नळ सांध्यात फुटला. सेतू पळाला. पळताना तापलेलं लोखंडी दार हाताने ढकललं, तळवा भाजला. त्यागराज पळाला नाही, चावी बंद करायला वळला. त्याला बाहेर काढलं तेव्हा बायकोने ओळखलं ते कानातल्या कडीवरून. बाकी ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

हाताला नवी कातडी आली, गुलाबी, लहान मुलासारखी. हात बरा झाला आणि मग बाकीचा सेतू बिघडला. गिरणीची शिट्टी गावभर ऐकू येई. ती झाली की तो असेल तिथून उठून पळे. एकदा महामहमच्या तळ्यावर अंघोळीला उतरला होता, शिट्टी झाली, आणि हा ओलेता, उघडा, घाटावरच्या बायकांमधून पळत सुटला.

"अर्ध्या कुंभकोणानं माझ्या लेकाचं ढुंगण पाहिलं," कामाक्षीबाई म्हणत. "उरलेल्या अर्ध्याला ह्या अर्ध्यानं सांगितलं."

पद्मनाभराव वकील घरी आले ते त्यानंतर. हे त्यांच्याच लोकांतले, तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेल्या घराण्यांपैकी. कोर्टात त्यांचं फारसं चालत नसे, म्हणून ते लोकांच्या घरी चालत जात. ओट्यावर बसून त्यांनी भांडंभर कापी घेतली आणि सांगायला लागले.

"अक्का, सरकारनं कायदा केलाय. कामावर मजूर जखमी झाला तर मालकानं भरपाई द्यायची. हात तुटला तर अमुक, डोळा गेला तर तमुक. तसा तक्ताच आहे."

"सेतूचा हात आहे जागेवर. डोळेही आहेत, नुसते वटारायला."

"हाताचं कांहीं मिळणार नाहीं. मी मनाचं म्हणतों."

"मनाचा तक्ता आहे?"

"नाहीं. तीच तर अडचण. पण अपघातानं माणूस कामाला निकामी झाला असं डॉक्टरनं लिहून दिलं, तर कमिशनरला विचार करावा लागतो. मालकाचा मॅनेजर म्हणतो, पोरगा सोंग करतो. म्हणून डॉक्टर राजगोपाल तपासायला येणार. भला माणूस आहे. लढाईच्या वेळीं बसऱ्याला होता. अंगावर ओरखडा नाहीं आणि चमचा वाजला तरी थरथरतात, असे सोल्जर त्यानं पुष्कळ पाहिलेत. त्याला हें दुखणं कळतं." वकिलांनी आवाज खाली आणला. "तो तुम्हांला विचारील. घरांत कसा वागतो, झोपतो कसा, जेवतो कसा. बायकोचं बोलणं कोण धरतं? आईचा शब्द मोलाचा. तुम्ही खरं सांगा, म्हणजे झालं. पानविड्याचं दुकान घालूं त्याला. वाफेशीं पुन्हा संबंध नको."

"आणि नाहीं सांगितलं तर?"

"तर तो धडधाकट ठरला. मग पुन्हा बॉयलर, नाहींतर उपास."

कामाक्षीबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "म्हणजे मीं चारचौघांत सांगायचं, माझ्या पोराला पैत्यम् झालंय."

वेड म्हणायला त्या तमिळच शब्द वापरत. आपल्या भाषेत उच्चारलं तर घराला लागेल, असं त्यांना वाटे.

"वेड नव्हे, अक्का. भीति. डॉक्टर भीति असंच लिहील."

"भीति! ती तर वेडाहून वाईट. वेड देव देतो. भीति रक्तांतून येते." त्यांनी वकिलांच्या हातचं भांडं काढून घेतलं, त्यात अजून दोन घोट होते. "आवणी महिना लागला कीं गोविंदपुरमचे लोक सुंदरीला बघायला येणार. आपलीं घरं किती उरलीं आहेत ह्या मुलखांत? इथं शिंकलं तर तंजावरांत 'जीवेत' म्हणतात. भावाला असं, मग बहिणीच्या पोटीं काय निपजेल, म्हणून कोण विचारणार नाहीं? तूं करशील माझ्या सुंदरीशीं लग्न?"

पद्मनाभरावांना बायको होती, आणि ती सुंदरीहून दुप्पट होती. त्यांनी छत्री उचलली.

"डॉक्टर येईल तेव्हां पोरगा सरळ बसलेला दिसेल," कामाक्षीबाई त्यांच्या पाठीवर म्हणाल्या. "मीं बसवीन. आमच्याकडे उपाय आहे."

उपाय खरोखरच होता. कामाक्षीबाईंचा आजा तंजावरच्या राजवाड्यात पीलखान्याचा दारोगा होता. हत्तींचा सगळा कारभार त्याच्या हाती. राज्य बुडालं, इंग्रजांनी हत्ती लिलावात काढले, आजा कुंभकोणात येऊन नातीला मांडीवर घेऊन हत्तींच्या गोष्टी सांगू लागला. बाई शाळेत कधी गेल्या नाहीत, अक्षरं ओळखण्यापुरती शिकल्या. जे काही त्यांना जगाबद्दल ठाऊक होतं ते त्या मांडीवरचं.

दसऱ्याच्या स्वारीत तोफांना भिऊन एक हत्ती पळाला होता. लोक तुडवले. असा हत्ती पुन्हा स्वारीच्या कामाचा करायची रीत होती. चारी पाय साखळदंडाने खांबांना बांधायचे. पुढ्यात जाळ करायचा. ढोल, नगारे, बंदुकीचे बार. आणि कानाशी उभं राहून एका माणसाने एकच शब्द म्हणायचा, धत्. म्हणजे आहेस तिथं थांब. हत्ती ओरडतो, साखळ्या ताणतो, पायांची सालं निघतात. रोज करायचं. मग एक दिवस तो थांबतो. "त्यानंतर डोंगर कोसळला तरी हलत नाहीं," आजा सांगायचा, आणि इथे नेहमी गप्प व्हायचा, तपकीर ओढायचा. पुढे काय झालं ते कामाक्षीबाईंनी कधी विचारलं नाही. गोष्ट तिथेच संपते असं त्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सेतूला स्वयंपाकघराच्या खांबाला टेकून बसवलं आणि त्याच्या बापाचं जुनं उपरणं त्याच्या कमरेभोवती घेऊन खांबामागे गाठ मारली. मोठा माणूस, दंडांत बॉयलरचं बळ, पण आईने बांधलं तर बांधून घेतलं. पुढ्यात चूल. चुलीवर इडलीचं पितळी भांडं.

"गोदा, पाणी उकळूं दे. सुंदरी, तें ताट घे आणि उलथनं."

"काय करायचं, अम्मा?"

"वाजवायचं."

भांड्याच्या झाकणाखालून पहिली वाफ सुटली. सेतूच्या घशातून असा आवाज आला की सुंदरीच्या हातून उलथनं पडलं. तो पाय झाडू लागला. टाचा जमिनीवर घासल्या, शेणाचं सारवण निघून खालची माती दिसली. खांब हलला नाही, कामाक्षीबाईही हलल्या नाहीत. त्याच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "धत्."

"आत्याबाई, सोडा त्यांना!"

"तूं चूल बघ."

"त्यांचं धोतर ओलं झालंय हो!"

"मग धुवायचं. बायको कशाला असते?" त्यांनी मान वळवली. "आणि तूं रडतेस कां ग, सुंदरी? तुझ्याच लग्नाचं वाजतंय हें. जोरांत वाजव."

असं रोज सकाळी चाललं. शेजारपाजारच्यांना वाटलं, सुंदरीच्या लग्नासाठी काही पूजा मांडली आहे. सेतू कधी हंबरला, कधी आईचे पाय धरायला हात पुढे केले. "त्यागराज आंत आहे," असं एकदा स्पष्ट म्हणाला, "त्यागराज आंत आहे, अम्मा, दार उघड." कामाक्षीबाई म्हणाल्या, "धत्."

गोदाने एकदा चुलीत पाणी ओतलं. त्या दिवशी कामाक्षीबाईंनी तिला जेवायला वाढलं नाही, आणि चूल स्वतः पेटवली.

आषाढ सरता सरता एका सकाळी भांड्यातून वाफ सुटली, ताट वाजलं, आणि सेतू बसून राहिला. पाय झाडले नाहीत. ओरडला नाही. वाफ तोंडावर आली, केसांवर तिचे थेंब जमले, नाकाच्या शेंड्यावरून एक खाली पडला. त्याने तो पुसलाही नाही.

कामाक्षीबाईंनी गाठ सोडली. तो तसाच बसून राहिला.

"बघितलंस?" त्या गोदाला म्हणाल्या. "तुझा तो बसऱ्याचा डॉक्टर काय करील? तांबडं औषध देईल. हा उपाय राजांच्या घरचा आहे." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी त्याला गरम इडली भरवली. त्याने तोंड उघडलं, चावलं, गिळलं. पुढचा घास येईपर्यंत तोंड उघडंच ठेवलं.

गोदा त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. तिने चूल विझवली आणि परसात जाऊन विहिरीच्या कठड्याआड, सेतू बसायचा त्या जागी बसली.

तपासणी गिरणीतच झाली, मॅनेजर व्यंकटरमणच्या खोलीत. भिंतीपलीकडे बॉयलर. डॉक्टर राजगोपाल उंच, वाकलेला, कपाळावर गंध, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारा. इथे सगळं बोलणं तमिळमध्ये चाललं. पद्मनाभराव कोपऱ्यात छत्रीवर हात ठेवून उभे. गोदाला दाराबाहेर थांबवलं होतं.

"नाव काय?" डॉक्टरांनी विचारलं.

सेतूने आईकडे पाहिलं.

"सांग," आई म्हणाली.

"सेतू."

"त्या दिवशी काय झालं?"

पुन्हा आईकडे.

"सांग."

"नळ फुटला."

"मग?"

"सांग की रे."

सेतू आईकडेच बघत राहिला. मॅनेजर व्यंकटरमण हसला. "डॉक्टर, विचारून काय होणार? ऐकवून बघू." त्याने भिंतीवर थाप मारली. पलीकडून कुणीतरी दोरी ओढली, आणि भिंतीला लागूनच शिट्टी झाली. वकिलांनी कान झाकले. डॉक्टरांच्या हातातल्या पेल्यातलं पाणी धोतरावर सांडलं. कामाक्षीबाईंचे ओठ हलले, आवाज कुणाला ऐकू गेला नाही. सेतू स्टुलावर बसून होता. पापणी लवली नाही.

"हा तुमचा घाबरट!" मॅनेजर म्हणाला. "ह्याच्यापेक्षा वकील जास्त घाबरले."

डॉक्टर उठले, सेतूचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून उभे राहिले. मग मॅनेजरला आणि वकिलांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटलं.

"अम्मा, ह्याची नाडी बघा. नुसतं बघू नका, हात लावा. कोंबडीच्या पिल्लाचं काळीज उडतं तशी उडतेय. हा माणूस आत पळतोय आणि बाहेर बसलाय." ते खाली बसले, कामाक्षीबाईंच्या समोर, जमिनीवर. "बसऱ्याला मी दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली. जी पळायची, ओरडायची, अंथरुणात मुतायची, त्यातली पुष्कळ घरी गेली, शेती करू लागली. अशी बसलेली मात्र उठली नाहीत. ह्याला काय केलंत?"

"काय करणार? आई आहें मी."

"घरी पळतो का? शिट्टीला, वाफेला? तुम्ही एकदा हो म्हणा. मी लिहितो. नाडी एकटी कमिशनरपुढे टिकत नाही, तिला साक्षीदार लागतो."

कामाक्षीबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या मानेवरची शीर खरोखरच उडत होती. हा माणूस विचारतो ते खरं आहे, आणि हो म्हटलं तर पोरगा वाफेपासून सुटेल, हे त्यांना कळत होतं. त्या अडाणी होत्या, मूर्ख नव्हत्या. पण हो म्हटलं की ते कागदावर चढणार, कागद तंजावरला जाणार, तिथल्या कचेरीत त्यांच्याच लोकांचे दोन कारकून बसत होते. त्यांच्या बायका गोविंदपुरमच्या भजनाला जात होत्या.

"आमच्या घरांतले पुरुष पळत नाहींत," त्या म्हणाल्या.

दार धाडकन उघडलं. गोदा आत आली. "पळतात! रोज पळत होते! पानावरून पळत होते. आत्याबाईंनी त्यांना खांबाला बांधून, तोंडापुढे वाफ धरून—"

"हिला मूलबाळ नाही, डॉक्टर," कामाक्षीबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नाला इतकीं वर्षं झालीं. रिकाम्या पोटाच्या बाया काय वाटेल तें बोलतात. त्यापेक्षां हिलाच तपासा."

गोदा तिथल्या तिथे थांबली. कुणीतरी धत् म्हटल्यासारखी.

डॉक्टर दोघींकडे बघत राहिले. "खोटं कोण बोलतंय ते मला दिसतंय," ते म्हणाले. "पण आई नाही म्हणते, आणि पोरगा हलत नाही." त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. शरीराने ठीक, मनाच्या दुखण्याचा पुरावा मिळाला नाही. सही करताना त्यांनी टाक इतका दाबला की कागद फाटला, आणि दुसरा घ्यावा लागला.

"सोमवारी ये कामाला," व्यंकटरमण आत येऊन सेतूला म्हणाला. सेतूने आईकडे पाहिलं.

"येईल," आई म्हणाली.

येऊ लागला. सकाळी आई "जा" म्हणायची, तो जायचा. गिरणीतला मुकादम "तूस घाल" म्हणायचा, तो घालायचा, "पुरे" म्हणेपर्यंत घालतच राहायचा. व्यंकटरमण खूष होता. असा माणूस त्याला आजवर मिळाला नव्हता, विडी नाही, गप्पा नाहीत, तक्रार नाही. संध्याकाळी मात्र गोदाला जाऊन त्याला हाताला धरून आणावं लागे. गोदा आता सासूशी बोलत नसे. स्वयंपाक करी, वाढी, आणि भात निवेपर्यंत पंख्याने वारा घाली, जरी आता त्याची गरज नव्हती.

आवणीत गोविंदपुरमचे लोक आले. विठोबाच्या देवळात पिढ्यानपिढ्या टाळ धरणारं घर. नवऱ्या मुलाचे काका आणि आजी लक्ष्मीदेवी. म्हातारीचे दात गेले होते, नजर गेली नव्हती. सुंदरीने नमस्कार केला, एक पद म्हटलं, सोजीचे लाडू दिले. सगळं साजरं झालं. सेतूला कामाक्षीबाईंनी नवं धोतर नेसवून भिंतीशी बसवलं होतं, भाऊ म्हणून दिसायला. कानात शब्द सांगून ठेवला होता.

"मुलगा काय करतो आपला?" काकांनी विचारलं.

"गिरणींत आहे. बॉयलर त्याच्याच हातीं," कामाक्षीबाई म्हणाल्या. "पणजाचा गुण. त्यांच्या हातीं हत्ती होते, ह्याच्या हातीं वाफ."

काका हसले आणि सेतूला म्हणाले, "काय सेतूराव, उकाडा फार असेल तिथं?" सेतू बसून राहिला.

"थकलाय," कामाक्षीबाई म्हणाल्या. "काल जास्तीचं काम होतं."

लाडवांवर घोंघावणारी एक माशी उठली आणि सेतूच्या गालावर बसली. तिथून चालत डोळ्याच्या कडेला गेली, पापणीवर चढली, ओलाव्यात पाय बुडवून बसली. सेतू समोर बघत होता. लक्ष्मीदेवी त्या माशीकडे बघत होती. कामाक्षीबाई लक्ष्मीदेवीकडे बघत होत्या. शेवटी गोदाच उठली आणि पदराने माशी हाकलली.

"थकलेला माणूस माशी हाकलतो, कामाक्षीबाई," म्हातारी म्हणाली. तिने गुडघ्यावर हात देऊन उठता उठता सुंदरीच्या डोक्यावरून हात फिरवला, फार मायेने, आता ही आपली होणार नाही अशा मायेने. ताटातले विडे, कोवळी पानं निवडून लावलेले, तसेच राहिले. कुंभकोणात घरचा विडा न घेता पाहुणा उठला की पुढचं सांगावं लागत नाही.

"जा, हत्तीसारखी अंबारी वाह कुठं," पाहुणे वळणापलीकडे गेल्यावर कामाक्षीबाई सेतूला म्हणाल्या. "एक माशी नाहीं मारवली तुझ्याच्यानं."

गिरणीतून बोलावणं आलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी. माणूस धापा टाकत होता. "अम्मा, चला. बॉयलरच्या नळाचा सांधा पुन्हा गेला. मेलं कुणी नाही. पण तुमचा मुलगा उठत नाही."

दोघी सासवासुना निघाल्या. गिरणीच्या आवारात सगळे मजूर बाहेर उभे होते, कुणाच्या अंगात सदरा नाही, कुणाच्या पायांत वहाण नाही, पळताना राहिलेलं सगळं आत. बॉयलरखालची आग ओढून काढली होती. वाफ दारातून आता कुठे विरळ होत होती, सांबाराच्या वासासारखी आवारभर पसरलेली.

"आम्ही सगळे पळालो," व्यंकटरमण म्हणाला. त्याचा गंधाचा टिळा घामाने नाकापर्यंत उतरला होता. "हाका मारल्या, शिव्या दिल्या. चौघांनी ओढून पाहिला, खांबाला चिकटून बसलाय."

आत जमिनीवर उकळलेलं पाणी साचलं होतं, अजून ऊन ऊन. सेतू त्यात बसला होता, पाठ लोखंडी खांबाला, पाय पुढे. पावलांवरची कातडी पांढरी होऊन, उकडलेल्या कांद्यासारखी, सुटून आली होती. चेहरा शांत होता.

"ऊठ," कामाक्षीबाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघू लागला. उठला नाही.

"ऊठ, सेतू. चल. घरीं जायचं." त्या पाण्यात उतरल्या, लुगड्याचा काठ भिजला, पाय पोळले. "ये. ये रे बाळा." बाळा म्हणून त्यांनी त्याला अंगावरचं दूध तोडल्यापासून हाक मारली नव्हती. तो बघत राहिला, आई जो शब्द सांगेल त्याची वाट बघत. रोजचे सगळे शब्द आज वाफेत बुडाले होते, वाफेत त्याला एकच ठाऊक होता. पीलखान्यात सोडवणाराही शब्द असणार. नक्की असणार. हत्तीला थांबवून कुणी जन्मभर तसाच ठेवत नाही. आजा तपकीर ओढून गप्प व्हायचा तिथे पुढे तो शब्द होता की नव्हता, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

गोदा पुढे आली. ती काही म्हणाली नाही. पाण्यातच बसली, त्याचे दोन्ही पाय एकेक करून उचलले आणि स्वतःच्या मांडीवर घेतले. कातडीचा एक तुकडा तिच्या हाताला चिकटून आला. सेतूने पाय मागे ओढला नाही.

दारात मजूर जमले होते. व्यंकटरमणने हात जोडले.

"अम्मा, खोटं नाही सांगत. आम्ही एवढे पुरुष, सगळे पळालो. तुमचा एकटा बसून राहिला. हे काळीज कुठून आणलं ह्याने? राजांच्या घरच्या माणसांचं रक्त म्हणतात ते हेच."

मागून कुणीतरी "खरंय, खरंय" म्हणालं. दोघातिघांनी माना डोलवल्या. एवढं कौतुक कामाक्षीबाईंच्या वाट्याला त्यांच्या लग्नातही आलं नव्हतं.

त्या मुलासमोर वाकल्या. त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने निपटून काढलं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण त्याच्याशीच, म्हणाल्या, "पळत होतास तेव्हां माणूस तरी होतास, मेल्या."